बौद्ध भिक्खूंच्या चीवराचे रंग

चीवर (पाली: चीवर, रंगावरून कासाव किंवा कासाय, संस्कृत: काषाय) हे बौद्ध भिक्खू व भिक्खुणी यांचे वस्त्र होय. हे वस्त्र भगवे किंवा केशरी असते, असा भारतात सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बौद्ध देशांमध्ये पिवळसर, नारिंगी, विटकरी, गडद लाल, तपकिरी, राखी, काळी आणि जांभळी अशा अनेक रंगांची भिक्खूवस्त्रे आढळतात. विनयपिटकात चीवरासाठी कोणताही एक रंग ठरवून दिलेला नाही. कापड कोणत्या द्रव्यांनी रंगवावे आणि कोणते रंग टाळावेत, एवढेच तेथे सांगितले आहे. आजची विविधता ही या नियमांचे निरनिराळे अर्थ, स्थानिक वनस्पती, हवामान आणि राजसत्तेची धोरणे यांतून निर्माण झाली. चीवराच्या रंगाविषयीचे बहुतेक गैरसमज हा फरक ध्यानात न घेतल्याने पसरले आहेत.

शब्दाचा अर्थ

'कषाय' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ तुरट रस किंवा काढा असा आहे. आयुर्वेदातील सहा रसांपैकी तुरट रसाला कषाय म्हणतात. झाडाच्या साली, मुळ्या व लाकूड पाण्यात उकळून जो तुरट काढा निघतो, त्यात कापड बुडवले की मळकट, पिवळसर ते लालसर तपकिरी छटा येते. अशा काढ्यात रंगवलेले ते 'काषाय'. म्हणजे हा शब्द आधी रंगवण्याच्या रीतीचा आणि मग रंगाचा वाचक आहे. त्याचे मराठीत सरसकट 'भगवे' असे भाषांतर केले जाते. ते चुकीचे नसले तरी अपुरे आहे, कारण मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे 'भगवा' म्हटल्यावर जो उजळ, एकसारखा रंग उभा राहतो, तो सालीच्या काढ्यातून सहसा निघत नाही.

पालीमध्ये 'कसाव' म्हणजे चित्ताचा मळ आणि 'कासाव' म्हणजे भिक्खूचे वस्त्र. धम्मपदाच्या पहिल्या वर्गातील नवव्या व दहाव्या गाथा याच शब्दसाम्यावर बेतलेल्या आहेत. ज्याच्या मनातील मळ गेलेला नाही तो हे वस्त्र धारण करण्यास पात्र नाही, असा त्यांचा आशय आहे. चिनी भाषेत हाच शब्द 'जियाशा' आणि जपानीत 'केसा' असा झाला. पूर्व आशियात तो रंगाचे नाव न राहता वस्त्राचे नाव बनला. त्यामुळे जांभळ्या किंवा जरतारी वस्त्रालाही तेथे 'केसा' म्हणता येते.

काषाय वस्त्र केवळ बौद्धांचे नव्हते. वैदिक परंपरेतील संन्यासी व इतर परिव्राजकही तशी वस्त्रे वापरीत. बुद्धाच्या काळी ते गृहत्यागाचे सामाईक चिन्ह होते, आणि घरात राहणाऱ्या गृहस्थासाठी पाली ग्रंथांत 'ओदातवसन', म्हणजे पांढरी वस्त्रे नेसणारा, हे विशेषण येते. त्या काळी खरा भेद पांढरे आणि रंगवलेले वस्त्र यांच्यातील होता.

विनयपिटकातील नियम

चीवरासंबंधीचे मुख्य नियम महावग्गाच्या आठव्या, 'चीवरक्खंधक' या प्रकरणात आहेत. सुरुवातीच्या काळात भिक्खू पांसुकूल, म्हणजे धुळीत, उकिरड्यावर किंवा स्मशानात टाकून दिलेल्या चिंध्या गोळा करून त्यांचे वस्त्र शिवीत. पुढे वैद्य जीवक कोमारभच्च याला उज्जयिनीच्या प्रद्योत राजाकडून मिळालेले मौल्यवान कापड त्याने बुद्धाला अर्पण केले आणि भिक्खूंना गृहस्थांनी दिलेली वस्त्रे घेण्याची मुभा मागितली. ती मुभा मिळाली. ज्याला पांसुकूल वापरायचे त्याने ते वापरावे, असेही सांगितले गेले. त्यानंतर संघाकडे तऱ्हेतऱ्हेचे कापड येऊ लागले आणि रंगाचा प्रश्न उभा राहिला.

भिक्खू आरंभी शेण आणि पिवळी माती यांनी कापड रंगवीत व त्यामुळे ते विद्रूप दिसे, असे या प्रकरणात म्हटले आहे. म्हणून सहा प्रकारचे रंग मान्य करण्यात आले: मुळांचे, खोडाच्या लाकडाचे, सालीचे, पानांचे, फुलांचे आणि फळांचे. पुढील मजकूर एखाद्या रंगाऱ्याच्या टिपणासारखा आहे. कच्च्या काढ्याला वास येतो म्हणून तो शिजवावा. शिजला की नाही हे पाहण्यासाठी त्याचा थेंब पाण्यात किंवा नखाच्या पाठीवर टाकून पाहावा. वस्त्र दोरीवर वाळत घालावे, रंग एका बाजूला उतरू नये म्हणून ते पुन्हा पुन्हा उलटावे आणि थेंब गळणे थांबेपर्यंत तेथून हलू नये. वस्त्र कडक झाले तर पाण्यात भिजवावे, खरखरीत झाले तर हाताने बडवावे. बौद्ध धर्मग्रंथांत तत्त्वचर्चेच्या शोधात जाणाऱ्या वाचकाला हा भाग अनपेक्षित वाटतो. भिक्खूला आपले वस्त्र स्वतः रंगवावे लागे, हे मात्र त्यातून स्पष्ट होते.

मान्य द्रव्यांच्या या यादीला पाचव्या शतकात बुद्धघोषाच्या नावे प्रसिद्ध असलेल्या 'समंतपासादिका' या अट्ठकथेने काही अपवाद जोडले. मुळांपैकी हळद, खोडांपैकी मंजिष्ठ, सालींपैकी लोध्र, पानांपैकी नीळ आणि फुलांपैकी पळस व करडई वर्ज्य मानली गेली. फळांपैकी काहीही वर्ज्य नाही. हे अपवाद महत्त्वाचे आहेत. भारतात पिवळा, केशरी किंवा लाल रंग सहज आणि भडक मिळवून देणारी जी द्रव्ये होती, नेमकी तीच या परंपरेने वगळली.

निषिद्ध रंगांची यादी वेगळ्या प्रसंगी येते. षड्वर्गीय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भिक्खूंनी सर्वस्वी निळी, पिवळी, लाल, मंजिष्ठ रंगाची, काळी, आणि 'महारंग' व 'महानाम' या नावांच्या आणखी दोन रंगछटांची चीवरे वापरली. हे तर कामभोगी गृहस्थांसारखे दिसतात, अशी टीका लोकांनी केली. तेव्हा हे सात रंग मनाई केले गेले. पालीमध्ये प्रत्येक रंगाआधी 'सब्ब' हा शब्द आहे. निषेध आहे तो संपूर्ण, निर्भेळ, उठून दिसणाऱ्या रंगाचा. त्यामुळे 'पीतवस्त्रधारी' हे भिक्खूंचे रूढ वर्णन विनयाच्या कसोटीवर अडचणीचे ठरते, कारण सर्वस्वी पिवळे चीवर याच यादीत दुसऱ्या क्रमांकावर निषिद्ध आहे.

रंगाशी निगडित तिसरा नियम पाचित्तिय वर्गातील अठ्ठावन्नावा आहे. साकेतहून श्रावस्तीला जाणाऱ्या भिक्खूंना वाटेत चोरांनी लुटले. पुढे चोर पकडले गेले व माल सापडला, तेव्हा कोणते चीवर कोणाचे हे भिक्खूंना ओळखता येईना. म्हणून नव्या चीवरावर निळा, चिखलाचा किंवा काळपट यांपैकी एका रंगाची खूण करावी, असा नियम झाला. थेरवाद परंपरेत ही खूण एका ठिपक्याच्या रूपात करतात व तिला 'कप्पबिंदू' म्हणतात. चीनमध्ये प्रचलित झालेल्या धर्मगुप्तक विनयात याच्याशी समांतर नियम आहे. तेथे मात्र हे तीन रंग ठिपक्याचे नव्हेत, तर संपूर्ण वस्त्राचे 'बिघडवलेले' रंग म्हणून समजले गेले. निळसर, काळपट आणि 'मुलान' नावाचा पिवळट तपकिरी, असे ते तीन रंग होत. पूर्व आशियातील गडद वस्त्रांना शास्त्राधार मिळतो तो येथे.

चीवराचा आकारही याच प्रकरणात ठरला. मगधातील बांध घातलेली शेते पाहून बुद्धाने आनंदाला तशा रचनेचे वस्त्र बनवता येईल का असे विचारले आणि आनंदाने तुकडे जोडून ते तयार केले, अशी कथा आहे. अंतरवासक, उत्तरासंग आणि दुहेरी संघाटी या तिन्ही वस्त्रांवर शेतांच्या बांधासारख्या शिवणी आजही दिसतात. कापून जोडलेल्या वस्त्राची बाजारातील किंमत कमी होते आणि चोराला त्याचा मोह राहत नाही, हाही त्यामागचा हेतू होता. रंग बदलत गेला तरी ही शिवण जवळजवळ सर्व परंपरांनी टिकवली. एखादे वस्त्र चीवर आहे की नाही हे ओळखण्याची ती रंगाहून अधिक विश्वासार्ह खूण आहे.

निकायांचे भेद

चिनी भाषेत जतन झालेल्या दोन जुन्या ग्रंथांत भारतातील पाच निकायांची वस्त्रे वेगवेगळ्या रंगांची असल्याचे सांगितले आहे. महासांघिकांचा पिवळा, महीशासकांचा निळा आणि काश्यपीयांचा मुलान रंग यांवर दोन्ही ग्रंथांचे एकमत आहे. मात्र एक ग्रंथ लाल रंग धर्मगुप्तकांना व काळा सर्वास्तिवादींना देतो, तर दुसरा नेमका उलट. त्यामुळे या याद्यांवरून प्रत्येक निकायाचा 'अधिकृत' रंग ठरवणे धोक्याचे आहे. रंगभेद अस्तित्वात होता, एवढेच त्यांवरून निश्चित म्हणता येते. सातव्या शतकाच्या अखेरीस भारतात राहून गेलेल्या इत्सिंग या चिनी भिक्खूने निकायांतील फरक सांगताना वस्त्र नेसण्याच्या पद्धतीवर, विशेषतः अंतरवासकाच्या निऱ्या कोणत्या बाजूला खोचायच्या यावर, बराच भर दिला आहे.

पश्चिम भारतातील पुरावे

महाराष्ट्रातील लेण्यांमध्ये चीवराविषयीचे काही फार जुने आर्थिक पुरावे आहेत. नाशिकच्या पांडवलेणींतील दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याचा लेख आहे. त्यात वर्ष ४२ चा उल्लेख असून ३,००० कार्षापणांच्या अक्षयनीवीची, म्हणजे कायम ठेवीची, नोंद आहे. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली होती. एकीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा १ दराने आणि दुसरीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंपैकी प्रत्येकाला चीवरासाठी १२ कार्षापण द्यायचे होते. हिशेब तंतोतंत जुळतो. महिन्याला २० म्हणजे वर्षाला २४० कार्षापण आणि २० भिक्खूंना प्रत्येकी १२ म्हणजेही २४०. लेखात रंगाचा उल्लेख नाही. दाता चीवराच्या पैशांची तजवीज करतो आणि ती ठेव कापड विणणाऱ्यांकडेच असते. कान्हेरीच्या शिलालेखांतही चीवरासाठी दिलेल्या देणग्यांचे उल्लेख आहेत.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत बुद्ध व भिक्खू यांची वस्त्रे एकाच छटेची नाहीत. ती पांढुरकी, पिवळट, लालसर आणि गडद अशी निरनिराळी दिसतात. मात्र त्यांवरून प्रत्यक्ष कापडाचा रंग सांगता येत नाही. चित्रकारांनी गेरू, पिवळी माती, काजळी यांसारखे खनिज व मातीचे रंग वापरले होते आणि शतकानुशतकांत त्यांच्यातही बदल झाला आहे. याच लेण्यांत, क्रमांक १० व १७ मध्ये, छद्दंत जातक चितारलेले आहे. या कथेतील शिकारी काषाय वस्त्र पांघरून हत्तीला फसवतो. विषारी बाणाने घायाळ झालेला हत्तीराज त्याला मारण्यासाठी सरसावतो, पण ते वस्त्र पाहून थांबतो. धम्मपदातील उपरोक्त दोन गाथा या जातकातही येतात. वस्त्राच्या रंगावर समाज किती विश्वास टाकत होता आणि त्या विश्वासाचा गैरवापर होऊ शकतो याची जाणीव किती जुनी आहे, हे या कथेवरून दिसते.

थेरवादी देश

श्रीलंका, म्यानमार, थायलंड, कंबोडिया आणि लाओस या देशांत एकच पाली विनय पाळला जातो, तरी वस्त्रांचे रंग एक नाहीत. थायलंडमधील शहरी विहारांत उजळ नारिंगी चीवरे सर्रास दिसतात. अरण्यवासी परंपरेतील भिक्खू मात्र फणसाच्या गाभ्याचे लाकूड उकळून त्या काढ्यात वस्त्रे रंगवतात आणि धुतातही. त्याचा रंग मातकट, सोनेरी तपकिरी असतो. फणसाच्या लाकडात मोरिन हे पिवळे रंगद्रव्य असते. कोकणातील वाचकाला हा पिवळा गाभा परिचयाचा आहे.

म्यानमारमध्ये गडद लाल ते मरून रंग रूढ आहे. तेथे अठराव्या शतकात चीवरावरून मोठा वाद झाला, पण तो रंगाचा नव्हता. गावात जाताना एक खांदा उघडा ठेवावा की दोन्ही झाकावेत, यावरून संघात दोन तट पडले. बोदौपया राजाने (कारकीर्द १७८२–१८१९) दोन्ही खांदे झाकण्याच्या बाजूने निर्णय दिल्यावर तो मिटला. श्रीलंकेत १७५३ मध्ये सयामहून आलेल्या उपाली थेरांच्या उपसंपदेतून सुरू झालेला सियाम निकाय आणि एकोणिसाव्या शतकात म्यानमारमधून परंपरा आणणारे अमरपूर व रामञ्ञ निकाय यांच्यातही खांदा झाकण्याच्या रीतीत व छटांत भेद आहेत.

थेरवादी देशांत रंग पदाचा निदर्शक नाही. श्रामणेर आणि पन्नास वर्षे झालेला महास्थविर एकाच रंगाचे चीवर घालू शकतात. एकाच विहारातील दोन भिक्खूंच्या वस्त्रांत फरक दिसला, तर त्याचे कारण बहुधा दात्याने आणलेले कापड हेच असते.

भिक्खुणीसंघ खंडित झालेल्या देशांतील शीलधारी स्त्रियांची वस्त्रे मात्र मुद्दाम वेगळी ठेवलेली आहेत. म्यानमारमधील 'थिलाशिन' गुलाबी, तर थायलंडमधील 'माए ची' पांढरी वस्त्रे घालतात. हा भेद केवळ रंगाचा नाही. पांढरे वस्त्र गृहस्थाचे असल्याने त्या स्त्रियांचे संघातील स्थानच त्यातून सांगितले जाते. श्रीलंकेत विसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा सुरू झालेल्या उपसंपदेनंतर तेथील भिक्खुणी भिक्खूंप्रमाणेच काषाय चीवर घालतात, याला म्हणूनच महत्त्व आहे.

तिबेटी परंपरा

तिबेटी भिक्खूंचे नित्याचे वस्त्र मरून रंगाचे असते. खाली 'शमताब', अंगात बिनबाह्यांची 'तोंका' आणि वर 'झेन' हा शेला असतो. धार्मिक विधींच्या वेळी पांघरायचे 'छोगू' मात्र पिवळे असते. दलाई लामांच्या छायाचित्रांत हे दोन्ही रंग दिसतात. तिबेटमध्ये मूलसर्वास्तिवाद विनय पाळला जातो आणि लाल वस्त्र ही त्या परंपरेची ओळख मानली जाते. तोंकावरील निळा धागा नवव्या शतकातील धर्मसंकटानंतर उपसंपदेला गणसंख्या पूर्ण करण्यासाठी साहाय्य करणाऱ्या दोन चिनी भिक्खूंची आठवण म्हणून असतो, असे तिबेटी परंपरा सांगते. गृहस्थ तांत्रिक साधक (ङाक्पा) भिक्खू नसल्याने पांढरे किंवा पांढऱ्या-लाल पट्ट्यांचे शेले वापरतात.

चीन, कोरिया व जपान

पूर्व आशियात थंडीमुळे आणि उघडे अंग असभ्य मानण्याच्या रीतीमुळे बाह्यांचा लांब अंगरखा आवश्यक ठरला. त्यावर चीवर पांघरले जाऊ लागले. राखी, काळा किंवा तपकिरी दिसतो तो बहुधा हा अंगरखा. तो विनयातील चीवर नव्हे. खरे चीवर, म्हणजे केसा, त्यावर डाव्या खांद्यावरून घेतलेले असते.

येथे रंगात राजसत्ता शिरली. तांग काळात जांभळा रंग उच्च अधिकाऱ्यांचा होता. सम्राज्ञी वू झेत्यान हिने ६९० मध्ये आपल्या सत्तेला अनुकूल असे धर्मग्रंथाचे विवरण सादर करणाऱ्या भिक्खूंना जांभळी वस्त्रे बहाल केली आणि राजसन्मानाची ही प्रथा पुढे चालू राहिली. मिंग राजवटीत १३८१ मध्ये तर ध्यान करणारे, प्रवचन करणारे आणि विधी करणारे अशा तीन वर्गांच्या भिक्खूंना सरकारी आज्ञेने वेगवेगळे रंग नेमून देण्यात आले.

जपानमध्ये जांभळ्या वस्त्राने राजकीय संघर्ष घडवला. ते बहाल करण्याचा परंपरागत अधिकार सम्राटाचा होता, तर तोकुगावा शोगुनशाहीने त्यासाठी आपली पूर्वसंमती आवश्यक ठरवली होती. सम्राट गो-मिझुनो याने संमतीविना दिलेली वस्त्रे शोगुनशाहीने १६२७ मध्ये अवैध ठरवली. त्याविरुद्ध निषेध नोंदवणाऱ्या झेन आचार्य ताकुआन सोहो यांना १६२९ मध्ये हद्दपार करण्यात आले आणि त्याच वर्षी सम्राटाने सिंहासन सोडले. ताकुआन यांना १६३२ मध्ये माफी मिळाली. इतिहासात हे प्रकरण 'जांभळ्या वस्त्राचे प्रकरण' म्हणूनच ओळखले जाते. उकिरड्यावरच्या चिंधीपासून सुरू झालेल्या वस्त्रासाठी सम्राट आणि शोगुन भांडले, हा या इतिहासातील सर्वांत विलक्षण टप्पा होय. त्याच देशात झेन आचार्य दोगेन यांनी १२४० मध्ये केसाच्या गुणांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. नारा येथील शोसोइन भांडारात आठव्या शतकातील केसा जतन केलेल्या आहेत. ७५६ च्या दानसूचीत सम्राटाच्या मौल्यवान वस्तूंमध्ये त्या सर्वांत आधी नोंदलेल्या आहेत.

कोरियात रंग आधुनिक वादाची खूण बनला. जपानी राजवटीत विवाहित भिक्खूंची संख्या वाढली आणि स्वातंत्र्यानंतर ब्रह्मचारी व विवाहित गटांत विहारांच्या ताब्यावरून तीव्र संघर्ष झाला. आज ब्रह्मचर्य पाळणारा जोग्ये संप्रदाय राखी अंगरख्यावर तपकिरी चीवर घेतो, तर विवाहाला मुभा देणाऱ्या थेगो संप्रदायाचे चीवर लाल असते.

प्रचलित गैरसमज

चीवर केशराने रंगवतात हा समज मुख्यतः नावामुळे झाला आहे. रंगाला 'केशरी' म्हणतात म्हणून द्रव्यही केशर असावे, असा तर्क केला जातो. एक किलो केशरासाठी सुमारे दीड लाख फुले लागतात. भिक्षेवर जगणाऱ्या आणि चिंध्या शिवणाऱ्या संघाने ते वापरावे हे संभवनीय नाही. विनयातील सहा द्रव्यप्रकारांत फुलांचा समावेश असला, तरी थेरवादी देशांत प्रत्यक्षात लाकूड आणि साल यांचाच वापर प्रामुख्याने होत आला. आज बाजारात मिळणाऱ्या तयार चीवरांचे भडक नारिंगी रंग कारखान्यात बनलेल्या कृत्रिम रंगांचे असतात.

'पिवळे ते थेरवादी आणि लाल ते महायानी' ही विभागणी पाठ्यपुस्तकी सोयीची असली तरी चुकीची आहे. म्यानमारचे थेरवादी भिक्खू तिबेटी भिक्खूंच्या जवळ जाणाऱ्या रंगाची वस्त्रे घालतात. व्हिएतनाममधील महायानी भिक्खू नित्य तपकिरी वस्त्रे घालतात आणि समारंभात पिवळी. सप्टेंबर २००७ मध्ये म्यानमारच्या लष्करी राजवटीविरुद्ध भिक्खू रस्त्यावर उतरले, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी त्या आंदोलनाला 'केशरी क्रांती' म्हटले. त्याच बातम्यांसोबतच्या छायाचित्रांत वस्त्रे गडद लाल होती.

तिबेटमधील गेलुग संप्रदायाला 'पिवळी टोपीवाले' म्हणतात, त्यावरून त्यांचे वस्त्र पिवळे आणि इतरांचे लाल असे काहींना वाटते. ते नाव केवळ विधीच्या वेळी घालावयाच्या टोपीवरून आले आहे. सर्व तिबेटी संप्रदायांतील भिक्खूंचे नित्य वस्त्र मरूनच असते.

बौद्ध ध्वजाचे पट्टे वेगवेगळ्या देशांतील चीवरांचे रंग दर्शवतात, असेही सांगितले जाते. १८८५ मध्ये कोलंबो येथे प्रथम फडकवलेल्या या ध्वजातील निळा, पिवळा, लाल, पांढरा व मंजिष्ठ हे रंग बुद्धाच्या देहातून निघणाऱ्या प्रभेच्या वर्णनावरून घेतले आहेत. त्यांपैकी पांढरा वगळता उरलेले चारही रंग महावग्गाच्या निषिद्ध यादीत आहेत.

भिक्खूचे काषाय आणि संन्याशाचे गेरुए वस्त्र एकच, हा समज भारतात विशेष दृढ आहे. दोन्हींचे मूळ श्रमण व परिव्राजकांच्या सामाईक परंपरेत असले तरी रंगवण्याची पद्धत वेगळी आहे. गेरू ही लोहयुक्त माती होय. महावग्गात मातीने रंगवण्याची रीत मागे टाकून वनस्पतींच्या काढ्याचा नियम सांगितलेला आहे. चीवरावर कापून जोडलेल्या तुकड्यांची शिवण असते, ती संन्याशाच्या छाटीवर नसते.

महाराष्ट्रात आणखी एक गोंधळ आढळतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली, तेव्हा ते व त्यांचे अनुयायी पांढऱ्या वस्त्रांत होते. पांढरा हा उपासकाचा, म्हणजे गृहस्थ बौद्धाचा रंग आहे. त्या दिवशी दीक्षा देणारे काषाय वस्त्रात आणि घेणारे पांढऱ्या वस्त्रात होते, हा अडीच हजार वर्षांपूर्वीचाच भेद होता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आंबेडकरांनी भिक्खू आणि उपासक यांच्यातील फरकाची स्वतंत्र चर्चा केली आहे. तरीही चित्रांत व मालिकांत दीक्षा घेणाऱ्या सामान्य स्त्री-पुरुषांनाही कधी कधी भगवी वस्त्रे दिली जातात.

वस्त्राचा शेवट

चुल्लवग्गात कोसंबीच्या उदेन राजाची कथा आहे. त्याच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली, तेव्हा एवढ्या वस्त्रांचे भिक्खू करतात तरी काय, असे राजाने विचारले. आनंदाने सांगितले की ती जीर्ण चीवरे असलेल्या भिक्खूंना वाटली जातील. जुन्या चीवरांच्या चादरी होतील, जुन्या चादरींचे गादीचे अभ्रे, अभ्र्यांची बैठकीची आस्तरणे, त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची झाडणी आणि झाडणीही फाटली की ती कुटून चिखलात कालवून जमीन सारवली जाईल. वर्षावास संपल्यावर होणाऱ्या कठिन चीवरदानाच्या वेळी, महाराष्ट्रातील बुद्धविहारांतही, भिक्खूंना नवे चीवर दिले जाते. कठिनाचे चीवर कापणे, शिवणे आणि रंगवणे एकाच दिवसात पूर्ण व्हावे असा विनयाचा दंडक आहे. थायलंडमधील समुत प्राकान प्रांतातल्या वात चाक दाएंग या विहारात टाकून दिलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांपासून धागा बनवून चीवरे तयार करण्याचा उपक्रम चालतो आणि त्यांचा रंग नेहमीच्या थाई चीवरासारखाच नारिंगी ठेवलेला असतो.